तुळजाबाईंचा स्पेशल क्लास

कुंभकोणममध्ये कुणाच्या घरी गर्भारशीला बांगड्या भरायचा कार्यक्रम असला, की तिथे तुळजाबाई हजर असतातच. वळैकाप्पू म्हणतात त्याला. आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखंच. बायका एकेक करून येतात, गालांना चंदन लावतात, हातात काचेच्या बांगड्या चढवतात, आशीर्वाद देतात आणि केळीच्या पानाकडे वळतात. तुळजाबाईही चंदन लावतात, बांगडी चढवतात. मग सगळ्यांच्या देखत खाली वाकून त्या पोटाशी तोंड नेतात आणि तमिळमध्ये सांगतात, "कण्णू, बाळा, पहिलीत आमच्याच शाळेत यायचं हं. सरकारी शाळा, भांडीबाजाराच्या मागची. ऐकलंस?"

मग पोटावर तळहात ठेवून वाट बघतात. आतून लाथ बसली की ताठ उभ्या राहून जाहीर करतात, "हो म्हणालं!"

आणि लाथ बसली नाही तर? "विचार करतंय," म्हणतात. "हुशार दिसतंय."

तुळजाबाई आमच्या प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्याच शाळेत शिकले आणि आता तिथेच तिसरीचा वर्ग घेते. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि मी चढले ती या बाईंमुळे. तेव्हा त्यांच्याबद्दल लिहिताना माझा आवाज जरा चढेल. तो वाचकांनी सांभाळून घ्यावा.

आम्ही मूळचे विट्याजवळच्या एका खेड्यातले. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगली. माझे वडील, आबा, कुंभकोणमला आले. सोनारांच्या गल्लीत आमचं दुकान, म्हणजे एक भट्टी, एक बाकडं आणि धूर. मी सहा वर्षांची असताना आईबरोबर इथे आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. मी दिवसभर दुकानाच्या पायरीवर बसायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांची पावलं बघायची.

एक दिवस त्यातली दोन पावलं माझ्यासमोर थांबली. गुडघ्यांवर हात ठेवून एक उंच बाई वाकली आणि म्हणाली, "काय गे, नांव काय तुजें? शाळेंत कां जात नाहींस?"

मला वाटलं, गोष्टीतली राणी बोलतेय. मराठी होतं, पण असं मराठी मी कधी ऐकलं नव्हतं. आबा भट्टीजवळून धावत आले आणि चिमटा हातात तसाच ठेवून त्यांनी नमस्कार केला.

तुळजाबाईंचे पूर्वज मराठी राजांच्या मागोमाग तंजावरला आले आणि इथलेच झाले. भाषा मात्र त्यांनी येताना आणली होती तीच घरात जपली. त्यात तमिळ मिसळलं, पण जुनं गेलं नाही. बाई "छान"ला "बेस" म्हणतात, "बातमी"ला "वर्तमान" म्हणतात. माझी विट्याची आत्या एकदा त्यांच्याशी पाच मिनिटं बोलली आणि नंतर मला हळूच म्हणाली, "मंगल, ही बाई पोथी वाचून दाखवत होती का गं?"

दुसऱ्याच दिवशी मी पहिलीत बसले. आणि त्याच आठवड्यात बाईंनी आबांना बोलावून सांगितलं, "पोर कच्ची आहे. तमिळांत फार कच्ची. शाळा सुटल्यावर थांबेल. स्पेशल क्लास."

हा "कच्चा" बाईंचा ठरलेला शेरा आहे. त्यांच्या मते जगात सगळंच थोडं कच्चं आहे. इडली कच्ची, नवीन पूल कच्चा, हवामानखात्याचा अंदाज कच्चा. नवरदेव बघून आल्या की सांगतात, "पोरगा बेस आहे. जरा कच्चा आहे." सरकारने हल्ली मुलांच्या वाचनाचे तीन टप्पे ठरवलेत. अरुंबू म्हणजे इवली कळी, मोट्टू म्हणजे टपोरी कळी आणि मलर म्हणजे फूल. किती गोड आहे! पण बाई कुणाला सुखासुखी मलर म्हणत नाहीत. पोरगं धडाधड वाचू लागलं, तरी मान तिरकी करून ऐकतात आणि म्हणतात, "मोट्टू. उद्या बघू."

तर मी पहिलीपासून पाचवीपर्यंत शाळा सुटल्यावर थांबत होते. तिसरीत तमिळमध्ये पहिली आले, तरी थांबत होते. आबांना काळजी लागली. "बाई, पहिला नंबर आला न्हवं? मग?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नंबर आला. कच्चेपणा गेला नाहीं." आबा बिचारे घरी येऊन आईला म्हणाले, "शिकलेल्या लोकांचं काय तरी बारीक असतंय त्यात. आपल्याला न्हाई कळायचं."

आता माझी शाळा कशी आहे ते सांगते, कारण बाईंना समजून घ्यायचं तर शाळा बघायला हवी. आमच्या एका वर्गात तुम्हाला अर्धा देश भेटतो. रेशमी साड्या विणणाऱ्या सौराष्ट्री घरांतली पोरं आहेत, पितळी भांडी ठोकणाऱ्यांची आहेत, विड्याच्या पानमळ्यात राबणाऱ्यांची आहेत. फरशा बसवायला आलेल्या बिहारी कुटुंबांची आहेत, ओडिशाची आहेत. माझ्यासारखी गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, एक-दोन असतातच. घरात प्रत्येकाची भाषा वेगळी, आणि शाळेत आली की सगळी तमिळमध्ये भांडतात! तेही काय भांडतात! बाहेरचं कुणी आलं की बाई पोरांना उभं करून आपापल्या भाषेत "पाणी" म्हणायला लावतात आणि एखाद्या वाद्यवृंदाच्या मास्तरासारखा हात हलवतात. शेवटी स्वतः म्हणतात, "नीर!" आणि खुशीत हसतात.

त्यांच्या समाजातलं पोर मात्र आमच्या शाळेत एकही नाही. ती माणसं शिकली, चेन्नईला गेली, परदेशी गेली, पोरं इंग्रजी शाळांत गेली. बाईंचा भाऊही चेन्नईला. बाईंनी लग्न केलं नाही. आई होती तोवर दोघी होत्या. आई गेल्यावर बाई त्यांच्या जुन्या घरात एकट्याच. माझ्या लहानपणापासून आमच्या शाळेत स्वयंपाक करणारी सेल्वी अक्का त्यांच्या शेजारी राहते. ती म्हणते, "टीचरच्या घरात आता कुकरच तेवढा बोलतो."

मागच्या वर्षी बाहेरून एक पथक आलं होतं, तिसरीच्या मुलांचं वाचन तपासायला. माझाच वर्ग! बाई दाराआड उभ्या राहून प्रत्येक पोराबरोबर ओठ हलवत होत्या. पोर अडखळलं की यांचा श्वास अडकायचा. शेवटी पिंकीची पाळी आली. पिंकीचे वडील बिहारहून फरशा बसवायला आलेले, आणि दोन वर्षांपूर्वी या मुलीला "वणक्कम"सुद्धा म्हणता येत नव्हतं. तिने पानभर तमिळ उतारा असा वाचला, की पथकातले गृहस्थ पुस्तक खाली ठेवून तिच्याकडेच बघत राहिले. मी बाकाखाली पायाने ताल धरला होता! वर्ग इतका चांगला निघाला की मला रडू फुटलं. बाईंनी मला बाजूला घेतलं.

"बेस," त्या म्हणाल्या. "जरा कच्चें आहे. पण बेस."

एवढं सगळं असून शाळेवर संकट आलंच, कारण वाचन कितीही पिकलं तरी नवी पोरं कमी होत चालली होती. मोठ्या रस्त्यावर एक इंग्रजी शाळा निघाली. पिवळी व्हॅन, गळ्यात टाय, फाटकावर कार्टूनची चित्रं. आमच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी बाईंना सांगितलं, "टीचर, विजयादशमीला मी स्वतः येतो. नवीन मुलं नसतील, तर ही शाळा रेल्वे फाटकापलीकडच्या शाळेत मिसळून टाकू."

तमिळ मुलखात विजयादशमीला पोरांना शाळेत घालतात. त्या दिवशी ताटातल्या तांदळावर पहिलं अक्षर गिरवायचं. शाळा मिसळायची हे कागदावर सोपं आहे. पण फाटकापलीकडे आमची पोरं जाणार कशी? आई-बाप पहाटे कामावर गेलेले. इवली पोरं रूळ ओलांडून जाणार नाहीत, घरी बसतील. माझ्यासारखी, पायरीवर. आणि बाईंचं नोकरीतलं हे शेवटचं वर्ष.

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई, मी आणि पिंकी अशी आमची वरात गल्ल्यांतून निघू लागली. पिंकीला कशाला घेतलंत, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "व्हॅन नाहीं आमच्याजवळ. पिंकी आहे."

घरोघरी बाई आईबापांशी बोलतच नव्हत्या. त्या थेट पोरासमोर उकिडव्या बसायच्या. "कण्णू, तू मला शब्द दिला होतास. आठवतंय?"

मीनाच्या घरी मोठी मजा झाली. मीना आमचीच जुनी विद्यार्थिनी, सासर पितळी भांड्यांच्या दुकानाचं. तिच्या सासूला इंग्रजी शाळाच हवी होती.

"टीचर, तो काय शब्द देणार? पोटात होता तो!" सासूबाई म्हणाल्या.

"लाथ मारली होती," बाई म्हणाल्या. "मी हात ठेवला होता."

मीना पदर तोंडाला लावून हसली. "पण टीचर, जुळी निघाली ना! लाथ कुणी मारली, कुणाला माहीत?"

दारातून दोन सारखीच तोंडं डोकावत होती. बाईंनी एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग त्यांनी ओसरीवरचं तमिळ वर्तमानपत्र उचलून पिंकीच्या हातात दिलं. "आजींना वाचून दाखव. त्यांचा चष्मा कच्चा आहे."

पिंकीने खणखणीत आवाजात सगळं वाचलं. धरणातून सोडलेलं पाणी, सोन्याचा भाव, हरवलेली म्हैस. सोन्याचा भाव ऐकून सासूबाई आधी हळहळल्या आणि मग दचकल्या. "ही कुणाची गं?"

"बिहारची," बाई म्हणाल्या. "येते हं."

निम्म्या रस्त्यात त्या एकदम थांबल्या आणि मागे फिरल्या. मीनाच्या दारात जाऊन ओरडल्या, "दोघांनी मिळून मारली होती!" आणि परत आल्या.

विजयादशमी शनिवारी आली. आम्ही पहाटेपासून शाळेत. सेल्वी अक्काने अंगणभर तांदळाच्या पिठाचं कोलम काढलं, पिंकीने त्यात रंग भरले, पितळी ताटांत तांदूळ ओतले, हळदकुंकू मांडलं. मोठ्या रस्त्यावरून इंग्रजी शाळेचा बँड ऐकू येत होता. आमच्याकडे मात्र एक पोर नाही. नऊ वाजून गेले आणि अधिकारी साहेबांची जीप आली.

साहेबांनी अंगण बघितलं, ताटं बघितली. "टीचर, मुलं कुठे आहेत?"

"येतील सर. कॉफी घ्या."

"कॉफी राहू द्या. मी बघितलं ते बघितलं. रिकामं आहे, तसं लिहून सही करतो, म्हणजे तुम्हालाही नंतर त्रास नको." त्यांनी फाईल उघडली, खिशातून पेन काढलं.

मी बाईंकडे बघितलं. त्या समोरच्या खुर्चीत अगदी आरामात बसल्या होत्या. "करा सर," त्या म्हणाल्या. "फक्त आता राहुकाळ चालू आहे, एवढं आपलं कानावर घालते. शनिवार आहे ना. नऊ ते साडेदहा."

पेन हवेत थांबलं.

"मी असलं काही मानत नाही," साहेब म्हणाले.

"बरोबर आहे. शिकलेल्या माणसाने मानू नये. करा सही."

साहेबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं. पेनाचं टोपण लावलं. परत काढलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मुलीचं लग्न ठरवतोय, टीचर. आज संध्याकाळीच ती माणसं येणार आहेत."

"अरे वा! मग?"

"मग कॉफी द्या."

तेव्हा मला उजेड पडला! या गावात राहुकाळात कुणी नवीन झाडूसुद्धा घरात आणत नाही, मग पोराला शाळेत कोण घालील? बँडवाली शाळा नऊच्या आत उरकून मोकळी झाली होती. ज्यांना तिकडे जायचं होतं ती गेली होती. उरलेली घरात, आंघोळ करून, घड्याळाकडे बघत बसली होती. पण उरलेली होती किती? होती का कुणी? ते बाईंनाही माहीत नव्हतं. साहेबांना त्या शांतपणे कॉफी पाजत होत्या, पण टेबलाखाली त्यांच्या पायाचा अंगठा चपलेत एकसारखा हलत होता. तो मला दिसत होता.

साहेबांना दुसरी कॉफी झाली. मुलीचं शिक्षण, मुलाकडच्यांची माहिती, सगळं निघालं. बाई म्हणाल्या, "मुलगा बेस वाटतो. जरा कच्चा आहे." साहेब घाबरून म्हणाले, "कशावरून?"

साडेदहाला सेल्वी अक्का फाटकातून ओरडली, "टीचर! गल्ली बघा!"

आम्ही धावलो. साहेबही धावले. गल्लीच्या तोंडाशी एक आई वळली, कडेवर पोर. तिच्यामागे दुसरी. मग फरशीवाल्यांची तीन-चार कुटुंबं एकदम, पिंकीची आई सगळ्यांत पुढे. मग रेशमी परकर नेसलेल्या विणकरांच्या पोरी, केसांत अबोली. दारं उघडत होती आणि पोरं बाहेर पडत होती! सगळ्यात शेवटी मीना, दोन हातांना दोघं, आणि मागून सासूबाई दोघांच्या पाट्या घेऊन.

"घ्या," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "दोघांनी मिळून लाथ मारलीय म्हणे. आणि वर्षभरात मला पेपर वाचून दाखवला पाहिजे, सांगून ठेवते!"

ताटं कमी पडली. सेल्वी अक्काने इडलीच्या भांड्याचं झाकण उलटं करून त्यात तांदूळ घातले. बाई एकेका पोराचं बोट धरून अक्षर गिरवत होत्या आणि प्रत्येकाच्या कानात काहीतरी सांगत होत्या. मी जवळ जाऊन ऐकलं. त्या म्हणत होत्या, "आठवलं ना तुला? मला वाटलंच होतं."

साहेबांनी सही केली. शाळा राहणार, अशी. सही बघून बाई म्हणाल्या, "अक्षर सुंदर आहे सर. जरा..."

"कच्चं आहे," साहेब म्हणाले. "माहीत आहे."

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या. निरोपाला गल्ली लोटली होती. शाल, समई, हार. भावाने चेन्नईहून फोन केला, भाच्यांनी स्पीकरवरून तमिळमध्ये "अत्तै, काँग्रॅट्स" म्हटलं, बाईंनी तमिळमध्ये आशीर्वाद दिले. फोन बंद झाला. लोक पांगले. आम्ही भांडी आवरत असताना सेल्वी अक्का मला सहज म्हणाली, "तुझा तो स्पेशल क्लास आठवतो का? मी खिडकीतून बघायची. कच्ची पोरं टीचर दुपारी जेवणाच्या सुट्टीत घ्यायच्या. संध्याकाळी थांबायचीस ती तू एकटीच."

मला त्या संध्याकाळी आठवल्या. बाई डब्यातून चकलीसारखा मुरुक्कू काढायच्या, माझ्यासमोर बसायच्या आणि विचारायच्या, "आज आईनें काय केलें जेवायास? गांवाकडलें वर्तमान काय?" मी सांगायची. आजीच्या शेळीचं, आत्याच्या लग्नाचं, पिठल्याचं. त्या ऐकायच्या, मधूनच माझा एखादा शब्द स्वतःशी म्हणून बघायच्या, आणि उत्तरं द्यायच्या त्यांच्या त्या राणीच्या मराठीत. अंधार पडायला आला की घाईघाईने म्हणायच्या, "बरें, आतां दोन ओळी तमिळ वाच."

पाच वर्षं मी समजत होते, मीच वर्गात सगळ्यात ढ.

बाईंनी किल्ल्या दिल्या, फाटकापर्यंत आल्या आणि थांबल्या. मी शेजारी उभी होते. शाल त्यांनी घडी करून पिशवीत घातली होती. भांडीबाजारातून पितळ ठोकल्याचा आवाज येत होता. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "मंगळे, एक सांगायचें राहिलें. तुजें तमिळ अजून कच्चें आहे."

मी तमिळ साहित्यात एम.ए. आहे. विद्यापीठाच्या समारंभात माझ्या टोपीचा गोंडा त्यांनीच सरळ केला होता.

"हो बाई," मी म्हटलं. "फार कच्चं आहे."

"मग उद्यां संध्याकाळीं घरीं येणें."

"सुट्टी आहे ना बाई शाळेला."

"सुट्टी शाळेला. कच्च्यांस कसली सुट्टी?" त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि चालायला लागल्या. "आणि येतांना आईस विचारून ये, आज जेवायास काय केलें तें."